दमट हवेने हेड वाचत नाही

पावसाळा लागला की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या फ्लेक्सवाल्यांत एक मेसेज फिरतो: "आपल्याकडे हवा दमट, हेड सुकत नाही. रेघा आल्या तर तीनदा क्लीनिंग मारा, तरी राहिल्या तर अलाइनमेंट करा. रात्री कॅपमध्ये थिनर ओतून ठेवा." हेड म्हणजे छपाई मशीनचा शाई उडवणारा भाग, त्याची बारीक भोकं म्हणजे नोझल आणि काम नसताना हेड ज्या रबरी काठाच्या झाकणावर बसतं ती कॅप. हा मेसेज वाचून लोक चांगली हेडं घालवतायत, म्हणून लिहितोय.

दमटपणा म्हणजे हवेतलं पाणी. फ्लेक्सची इको-सॉल्व्हंट शाई सुकते ती सॉल्व्हंट, म्हणजे तिला पातळ ठेवणारं द्रव, उडाल्यामुळे; बाहेर कितीही चिकचिक असली तरी ते उडतंच. नोझल ओले राहतात ते कॅपच्या रबराने हवा अडवल्यामुळे. आणि आपल्याकडचा खरा घात विजेचा. ऐन गणपतीच्या कामात वीज जाते, कॅरेज (हेडला इकडून तिकडे नेणारी गाडी) मध्येच थांबते आणि हेड उघडं पडतं. निदान हेड कॅपवर नेण्यापुरता तरी यूपीएस हवाच.

क्लीनिंग म्हणजे पंपाने कॅपमधून शाई ओढणं. कॅप एका बाजूने केसभर खाली असली तरी पंप तिथून हवाच ओढतो. मग तीनदा काय, तीस वेळा मारा. कुडाळात माझ्याच मशीनवर पहिल्या क्लीनिंगनंतर चार नोझल गेले होते, तिसऱ्यानंतर पंचवीस. कॅपखालची एक स्प्रिंग अडकली होती. तेव्हापासून आधी कॅप बघतो. क्लीनिंग सोल्युशनने ती काठोकाठ भरायची आणि पंप चालवायचा. लगेच रिकामी झाली नाही तर नळी तुंबली किंवा पंप गेला. मग हेड कॅपवर बसवून बाजूला घ्यायचं आणि टॉर्च मारून खालून बघायचं. कॅपच्या काठाचा ठसा चारी बाजूंनी अखंड हवा. जिथे तुटला, तिथे कॅप बसत नाही.

थिनर तर ओतूच नका. रबर फुगतं, काठ वाकडा होतो, म्हणजे पुन्हा तीच गळती.

राहिली अलाइनमेंट, म्हणजे थेंब नेमक्या जागी पडावेत म्हणून मशीनमध्ये आकडे टाकणं. तिने बंद नोझल उघडत नाही. नोझल चेकमध्ये (प्रत्येक नोझलची रेषा दाखवणाऱ्या छापात) रेषा तुटलेल्या असताना आकडे टाकले तर ते चुकीचेच बसतात. नोझल पूर्ण आहेत, पण बारीक अक्षरं दुहेरी दिसतायत? एकाच दिशेने छापून बघा. स्वच्छ आली तर दोष बाय-डायरेक्शनलच्या, म्हणजे जाताना-येताना दोन्हीकडे छापण्याच्या, आकड्यांत आहे. दर पासच्या (हेडच्या एका फेरीच्या) सांध्यावर आडवी रेघ येत असेल तर स्टेप, म्हणजे दर फेरीनंतर मटेरियल किती पुढे सरकतं, ते बघा; तो प्रत्येक मटेरियलला वेगळा. पावसात स्टिकरच्या रोलचा मागचा कागद ओल धरतो, कडा उचलतात, म्हणून आपण हेड वर घेतो. तेव्हा बाय-डायरेक्शनल पुन्हा लावावंच लागतं, कारण थेंबाला अंतर वाढतं आणि जाताना-येताना तो वेगवेगळ्या जागी पडतो.