पाळकांना न सोपवलेले काम

बायबलमधील, प्रेषित पौलाने मंडळ्यांची (चर्चची) व्यवस्था पाहणाऱ्या आपल्या सहकाऱ्याला, तीताला, लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाशी मी नेहमी थबकते. वृद्ध पुरुष, वृद्ध स्त्रिया आणि तरुण पुरुष यांना काय सांगावे, हे पौल थेट तीताला कळवतो. तरुण स्त्रियांना शिकवण्याचे काम मात्र तो वृद्ध स्त्रियांच्या हाती देतो. आपल्या मंडळ्यांत ते काम महिला मंडळाच्या मेळाव्यातील तासाभराच्या भाषणावर येऊन ठेपले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण नवऱ्यावर व मुलांवर प्रेम करणे, संयम राखणे, घर सांभाळणे या गोष्टी व्यासपीठावरून शिकवता येत नाहीत.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझा गर्भपात झाला, तेव्हा भेटायला आलेल्या बहुतेकांनी मला देवाच्या योजनेविषयी सांगितले. मंडळीतील एक मावशी मात्र वरणभाताचा डबा घेऊन आल्या, सिंकमधली भांडी घासली आणि निघताना एवढेच म्हणाल्या, की त्यांचेही एक मूल असेच गेले होते आणि नंतर कित्येक महिने त्यांच्या तोंडून प्रार्थना निघाली नव्हती. त्या कबुलीनेच मला पुन्हा प्रार्थनेकडे नेले. पुढे दोन वर्षे दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे जात असे. भाजी निवडता निवडता आमचा शास्त्रपाठ होई.

बायबलमधील रूथच्या गोष्टीत, नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेल्या तिच्या सासूने, नामीनेही आपले दुःख लपवले नव्हते. परमेश्वराचा हात माझ्यावर उठला आहे, असे ती वाटेत सुनांना सांगते, आणि ते ऐकूनही रूथ तिच्याच देवाला आपला देव म्हणते. म्हणून मोठ्या बायकांनी आधी निर्दोष व्हावे, असे मी म्हणणार नाही. पण पौलाने घातलेली एक अट टाळता येणार नाही : चहाडी नको. विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढच्या रविवारी उपासनेनंतर अंगणात ऐकू आली, तर ती मुलगी पुन्हा कोणाजवळही मन मोकळे करणार नाही.

सोबत काम करता करता शिकवणे आपल्याकडे नवे नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि छापखान्यातले खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या स्त्रियांनी केली. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. 1924 मध्ये तो ग्रंथ छापून पूर्ण झाला.

मी आता पन्नाशी ओलांडली आहे. यंदाच्या मेळाव्यातील भाषणाला मी नम्रपणे नकार दिला असून, मंडळीत नव्याने आलेल्या दोन सुनांना गुरुवारी दुपारी घरी बोलावले आहे.