ओळंब्याच्या रेषेत सूर्य

13 मेच्या संध्याकाळी कट्ट्यावर चहा यायच्या आतच वाद पेटला. कारण मीच होतो. भर दुपारी गच्चीवर एक गोल डबा उभा ठेवून त्याच्याकडे बघत बसलो होतो, हे मी सांगितलं.

"कशासाठी?" नानाने विचारलं. नाना तीस वर्षं बांधकामाची कामं घेतोय.

"सावली जाते ते बघायला. आज पुण्यात शून्य सावली होती. 12 वाजून 31 मिनिटांनी डब्याची सावली पूर्ण गेली. डबा जमिनीवर चिकटवल्यासारखा दिसत होता."

वकील म्हणाला, "त्यात काय? रोज बारा वाजता सूर्य डोक्यावर येतोच की."

नाही येत. मीही पन्नाशीपर्यंत तेच धरून चाललो होतो. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो, आता मेमध्ये आणि परत जुलैच्या अखेरीस, आणि तेव्हा आपल्याकडे बहुतेक ढग असतात. एरवी दुपारची सावली उत्तरेला पडते. या दोन दिवसांच्या मधले अडीच महिने मात्र ती चक्क दक्षिणेला पडते. जन्म इथे काढला आणि हे एकदाही पाहिलं नाही.

"आणि बारा नाही, साडेबारा का?" मास्तरांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, पण मला बोलतं करायचं होतं. घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण त्याच्या पश्चिमेला जवळजवळ नऊ अंश. अंशाला चार मिनिटं. तेवढा आपला मध्यान्ह उशिरा.

"मग झालं," वकील म्हणाला. "कारण कळलं, गंमत संपली. लहान पोराला कारण माहीत नसतं म्हणून ते डोळे विस्फारतं. आपण उगाच पोरांची नक्कल कशाला करायची?"

हे मला अजिबात पटत नाही. मला कारण आधीच वाचून माहीत होतं, तरी सावली आत ओढली जाताना अंगावर काटा आला. कारण माहीत होतं म्हणूनच आला. पायाखालची जमीन कलंडलेल्या गोलावर आहे, हे त्या मिनिटाला डब्याने दाखवलं. पोराला हे दिसलंच नसतं, त्याला नुसती सावली गेलेली दिसली असती.

"वेळ कुणाकडे आहे?" नाना म्हणाला. "हप्ते आहेत, साइट आहे."

वेळ पाच मिनिटं लागतो. आडवी येते ती लाज. चाळिशीनंतर चारचौघांत 'हे मला माहीत नाही' म्हणणं जड जातं, म्हणून आपण विचारतच नाही. न विचारता दहा वर्षं गेली की दिसायचंही बंद होतं. मी हे जरा चढ्या आवाजातच बोललो, कारण मला ते मनापासून वाटतं.

नाना गप्प होता. मग त्यालाच विचारलं, "तुझा ओळंबा कुठे दाखवतो?"

"खाली. सरळ."

"आणि त्याची दोरी वर वाढवत नेली तर?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. आयुष्यभर हातात खेळवलेली दोरी. भिंत सरळ आहे की नाही, एवढंच तिला विचारलेलं.

"आज दुपारी ती सूर्याला लागली असती," तो म्हणाला. "बरोबर?"

"बरोबर."

"मग उद्या?"

मास्तर म्हणाले, "उद्या सूर्य थोडा उत्तरेला. सरकत सरकत 26 मेच्या सुमारास नागपूरच्या डोक्यावर. दिल्लीला मात्र कधीच नाही, ती कर्कवृत्ताच्या पलीकडे."

वकिलाने विषय बदलून पाहिला, पण कुणी बदलू दिला नाही.

तीन दिवसांनी भर दुपारी नानाचा फोन आला. मागे मिक्सरचा आवाज, त्यात तो ओरडत होता, "अरे, सळईच्या टोकाला ओळंबा सोडलाय. टोकाची सावली ओळंब्यापासून एक बोट सरकलीय. दक्षिणेला! पोरांना पण दाखवतोय सगळ्यांना. तू येतोस का लगेच?"