गुडघा टेकून क्वार्टर संपत नाही

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मोठी आघाडी असलेल्या संघाने समोरच्याला आणखी लाजवू नये म्हणून 15 मिनिटांच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरभर गुडघा टेकावा (चेंडू हाती येताच खाली बसून तो डाव तिथेच संपवावा), ही एका लेखातली सूचना गणितात बसत नाही. प्ले क्लॉक, म्हणजे पुढचा डाव सुरू करायला मिळणारा वेळ, 40 सेकंदांचं. समोरच्याकडे घड्याळ थांबवायला टाइमआउट नसले तरी चेंडू आपल्याकडे असतो तेवढ्या मोजक्या डावांत जेमतेम दोन मिनिटं जातात. त्याआधी राखीव खेळाडू उतरवून चेंडू घेऊन मैदानाच्या मधल्या भागातूनच धावायचं, कारण पास जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं. त्यातूनही राखीव धावक सुटला तर त्याने काय मुद्दाम पडायचं? खरी नियत टचडाउननंतर (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण मिळवल्यावर) कळते. 1968 मध्ये मिशिगनविरुद्ध 50-14 झाल्यावरही ओहायो स्टेटने एका जादा गुणाची साधी किक सोडून दोन गुणांचा प्रयत्न केला, तोही फसला! पुढच्याच वर्षी मिशिगनने 24-12 असं उट्टं काढलं.