‘दोन तास उगाच ठेवून घेतलं’ या रिव्ह्यूला रुग्णालयाचं उत्तर

भाऊ, नमस्कार. त्या रात्री आत काय चाललंय ते बाहेर कुणी नीट सांगितलं नाही, तुमचा जीव टांगणीला लागला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. पण एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत, ‘टीव्हीवरच्या डॉक्टरने बघितलं, दोन तास उगाच ठेवून घेतलं, मग धुळ्याला पाठवलं आणि वर आयसीयूचं बिल लावलं.’ त्यातलं दोन तासांचं बोलणं फार लागलं.

पेशंटची फाइल इथे उघडी करणार नाही. छातीला किंवा डोक्याला मार लागलेला पेशंट शिरपूरला आला की काय करावं लागतं, तेवढं सांगतो. धुळं इथून पन्नासेक किलोमीटर. बरगड्या मोडून फुप्फुसाभोवती हवा साचलेली असताना तसाच व्हेंटिलेटर लावला, तर मशीनच्या दाबाने ती हवा वाढत जाते, हृदयावर दाब येतो आणि बीपी कोसळतं. वाटेत नरडाण्याच्या पुढे धावत्या गाडीत ती हवा काढायची नळी छातीत टाकता येत नाही. म्हणून नळी इथेच टाकायची, तिला जोडलेल्या बाटलीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय का ते बघायचं, टाका घालून नळी पक्की करायची, मग एक्स-रे. शुद्धीचा स्कोअर 15 पैकी 8 किंवा त्याखाली असेल तर श्वासनलिकेत ट्यूब. रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे औषध 1 ग्रॅम, 10 मिनिटांत. तेही अपघातापासून 3 तासांच्या आत, उशिरा दिलं तर उलट अपाय होतो. गाडीच्या ऑक्सिजनचाही हिशोब असतो: बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर, मिनिटाला 10 लिटरने अडीच तास. तरी आम्ही दोन भरलेले देतो, कारण हायवे जाम झाला तर एक पुरत नाही. शिवाय पुढे व्हेंटिलेटरचा बेड रिकामा आहे, असा फोनवर होकार हवा. सीटी स्कॅनसाठी मात्र आम्ही पेशंट अडवत नाही. जिथे ऑपरेशन होणार तिथेच तो काढलेला बरा.

राहिला ‘टीव्ही’. त्या पडद्यावर पुण्याचे इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर असतात. कॅमेरा झूम करून ते डोळ्यांच्या बाहुल्या, व्हेंटिलेटरचे आकडे, औषध सोडणाऱ्या सिरिंज पंपाचा वेग स्वतः बघतात. हात आमच्या ड्युटी डॉक्टरचे, आणि 2020 च्या टेलिमेडिसिन नियमावलीप्रमाणे अंतिम जबाबदारीही त्यांचीच. वीज गेली तरी लाइन तुटू नये म्हणून राउटर यूपीएसवर आहे, फायबर बंद पडली तर सिमकार्डवर चालतो. पण घरची मंडळी मोबाईलवर शूटिंग करत बेड आणि कॅमेऱ्याच्या मध्ये उभी राहिली, तर पुण्याला फक्त त्यांची पाठ दिसते. सिस्टरने तीनदा विनंती केली होती. हे लिहायला नको वाटतं, पण तुम्ही आमच्या सिस्टरला उद्धट म्हटलंत.

बिलात टेली-सल्ल्याची फी वेगळी दाखवलेली आहे, लपवलेली नाही. हा आयसीयू कर्ज काढून उभा केलाय, आणि तालुक्यात असं लिहिलेलं लगेच पसरतं. लोक घाबरून पेशंट थेट धुळ्याला नेऊ लागले, तर वाटेतलं नुकसान कोण भरून देणार?

नातेवाइकांना मधूनमधून माहिती द्यायची काहीतरी सोय करतोय, दरफलकही लावू. प्रत्येक टप्प्याची वेळ लिहिलेल्या नोंदींची झेरॉक्स काउंटरवर तुमच्यासाठी ठेवली आहे. ती धुळ्याच्या डॉक्टरांना दाखवा, आणि यातली कुठली गोष्ट गाळून पेशंट लवकर पाठवता आला असता, ते त्यांनाच विचारा.