एका वेलची केळ्याची जप्ती

एक वेलची केळं. हिरव्या सालीचं लांबलचक नव्हे, वेलची. बोटाएवढं. शनिवारपासून डोक्यातून जात नाहीये.

एका परदेशी रॉक बँडचा कार्यक्रम होता. तिकीट केवढ्याला पडलं ते सांगत नाही, घरी अजून कळलेलं नाही. संध्याकाळी सातला मला बीपीची गोळी लागते, ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून निघताना बायकोनं खिशात केळं कोंबलं. पाऊण तास रांगेत उभा होतो. अंगात ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका ऐकली तेव्हाचा काळा टी-शर्ट. तेव्हा तो मला ढगळ व्हायचा. दोनच दिवस आधी गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द होऊन लोकांनी मंचावर चढून मोडतोड केली होती, त्यामुळे बंगळुरूत पहिला सूर कानावर पडेपर्यंत आमचा कुणाचा विश्वास नव्हता. हे मागच्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "अंकल, तुम्ही होता तिथे?" जणू मी पानिपतावरून परत आलो होतो.

गेटवर भरघोस मिशांचा सिक्युरिटीवाला. त्यानं माझे खिसे चाचपले, केळं बाहेर काढलं आणि फिरवून फिरवून पाहिलं.

"हे काय?"

"केळं."

"ते दिसतंय. आत न्हाई जायचं."

"अहो, गोळी घ्यायची आहे."

"गोळी जाऊ द्या की. गोळीला कोन अडवतंय?"

"मग इथंच खातो."

"हितं थांबायचं न्हाई. लाइन फुडं घ्या."

त्या 'न्हाई'वरून पाणी कुठलं ते ओळखलं. मीही ठाण्याची मराठी बाजूला ठेवली. "पावणं, कोल्हापूरचं का?"

माणूस एकदम उजळला. "व्हय! तुमी?"

"आमीबी तिकडचंच की."

पुढचं अर्धं मिनिट आम्ही सख्खे भाऊ होतो. केळं त्याच्या हातून माझ्या हाताकडे निघालंही होतं. आणि त्यानं विचारलं, "तालीम कुठली?"

बाहेरच्यांना यातली मेख कळायची नाही. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. मुंबईची पोरं टीव्हीसमोर बसून बार्सिलोना-रेआलवरून भांडतात. शाहू स्टेडियमवर मात्र पेठेच्या पेठ उठून येते, आणि सामना हरला की शेजारच्या गल्लीतून जायची सोय राहत नाही. त्याला तिकडे ईर्षा म्हणतात. शहाण्या माणसानं अशा वेळी 'मी लहानपणीच गाव सोडलं' म्हणावं.

मी छाती काढून म्हणालो, "दिलबहार."

तो पाटाकडीलचा निघाला. केळं क्रेटमध्ये गेलं.

"अहो, केळ्यानं काय होणार आहे?" माझा आवाज चढला.

"फेकलं तर?"

"केळं कोण फेकतंय?"

"२०१४. व्हिलारेयाल-बार्सिलोना. डॅनी अल्वेसवर फेकलं का न्हाई?"

मी गार. पण मीही काल फुटबॉल बघायला लागलेला नाही. "फेकलं. आणि त्यानं ते उचललं, सोललं, खाल्लं आणि मग कॉर्नर घेतला!"

"तेच म्हनतोय. ह्यो तुमचा गिटारवाला खाईल, त्येला बाधलं तर जिम्मेदार कोन?"

मागची पोरं मोबाइलवर चित्रण करायला लागली होती. वर हा म्हणतो, "कलकत्त्याचं बघिटलं न्हवं?"

बघितलं होतं. १३ डिसेंबर २०२५, सॉल्ट लेक स्टेडियम. हजारो रुपये मोजून आलेल्यांना मेस्सी पुढाऱ्यांच्या गराड्यातून वीसेक मिनिटं जेमतेम दिसला न दिसला आणि निघून गेला. मग बाटल्या उडाल्या, खुर्च्या उडाल्या, मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर सगळं गोडीत पार पडलं, म्हणून आपण मुंबईकर स्वतःच्याच पाठीवर थाप मारून मोकळे. पण त्याच महिन्यात आपली आयएसएल, म्हणजे फुटबॉलची इंडियन सुपर लीग, जी सप्टेंबरात सुरू व्हायची, ती सुरूच झालेली नव्हती. फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक करार संपला, पुढे कुणाला काही ठाऊक नाही, खेळाडू घरी बसून. भारत ऑक्टोबरात मडगावात सिंगापूरकडून हरला, नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून. सिंगापूर! आणि आम्ही एका माणसाचा हलणारा हात बघायला पगार मोजतो. मीही त्यातलाच, रॉकवाल्यांना मोजले ते वेगळे.

२०१८ च्या जूनमध्ये भारताचा कर्णधार सुनील छेत्री याला 'या हो मैदानावर' असं व्हिडिओतून विनवावं लागलं होतं. आदल्या सामन्याला जेमतेम अडीच हजार माणसं. मी लाजून ४ जूनला अंधेरीला गेलो, केनियाविरुद्धचा त्याचा शंभरावा सामना. धो धो पाऊस, आणि गेटवर माझी छत्री काढून घेतली. छेत्री बघायचा तर छत्री बाहेर! भिजून तीन दिवस तापलो. दोन गोल त्यानंच मारले म्हणून माफ केलं.

असो. आत पाण्याला रांग, खायला नाचोज. तिखटजाळ, त्यावर पिवळं चीज. ते खाऊन गोळी घेतली. बास गिटार छातीत दणकायला लागली तेव्हा हे संगीत, प्रेशर की नाचोज, कळेना. पण वाजवलं मात्र झकास, खोटं कशाला बोलू. रंगात आलं आणि दहा वाजले, बंद. आमच्या गल्लीत वरातीच्या डीजेला हा कायदा कधी सापडत नाही.

बाहेर पडताना मुद्दाम त्याच गेटनं आलो. क्रेटमध्ये लायटर, परफ्यूम, पॉवर बँक, एक टिफिन. केळं नव्हतं.

"माझं केळं?"

मिशा किंचित हलल्या. "सकाळी अकरापास्नं हुबा हाय, पावणं. मलाबी बीपीची गोळी असती."

यावर मी काय बोलणार? त्यानं खिशातून साल काढली, नीट घडी घातलेली, आणि माझ्या हातावर ठेवली.

"जाता जाता तेवढी डब्यात टाका. हितं कचरा करू देत न्हाईत."