‘बायबल इ.स. ३२५ मध्ये मतदानाने ठरलं’ : त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नाताळ जवळ आला की एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला, ऐरोलीच्या नातेवाइकांकडून आला, आणि आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातल्या एका मुलीनेही तो मला पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘ताई, हे खरं आहे का?’

मेसेज म्हणतो, अभ्यासकांनी पुढच्या गोष्टी सिद्ध केल्या आहेत. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत मतदान घेऊन बायबलची पुस्तकं निवडली. शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची चार पुस्तकं, त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी लिहिली गेली. हस्तलिखितांत चार लाख चुका आहेत, त्यामुळे मूळ मजकूर कायमचा हरवला. येशू झाल्याचा बायबलबाहेर एकही पुरावा नाही. येशू काश्मीरमध्ये शिकला आणि तिथेच वारला. आणि चर्च हे सगळं लपवून ठेवतं.

पवित्र शास्त्र माझ्यासाठी देवाचं वचन आहे. पण ‘असले मेसेज वाचू नकोस’ हे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. तिने खरं-खोटं विचारलंय, तेव्हा तारखा आणि पुरावे घेऊनच बोलायला हवं.

नायसियाचं आधी उरकते, कारण तिथे फारसं काही नाहीच. परिषद झाली, ३२५ सालीच झाली आणि कॉन्स्टंटाइननेच ती बोलावली. वाद होता आरियस या धर्मगुरूच्या शिकवणीचा, म्हणजे पुत्र पित्यासारखाच अनादी की पित्याने निर्माण केलेला, आणि पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा याचा. परिषदेने केलेले २० नियम आजही वाचायला मिळतात. शास्त्रात कोणती पुस्तकं घ्यायची, यावर त्यांत एकही नियम नाही. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या, २७ पुस्तकांची आजच्यासारखी नेमकी यादी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात. चार शुभवर्तमानं तर त्याच्या कितीतरी आधी रुजली होती. लियोंचा बिशप इरेनियस इ.स. १८० च्या सुमारास ठासून लिहितो की शुभवर्तमानं चारच. त्याच्या गावातल्या ख्रिस्ती माणसांना थोड्याच वर्षांपूर्वी छळून मारलं होतं. सम्राटाच्या जोरावर कोणावर काही लादण्याची त्यांची ताकदच नव्हती. याकोबाचं पत्र, पेत्राचं दुसरं पत्र, प्रकटीकरण यांच्याबद्दल दीर्घकाळ मतभेद होते हे मात्र खरं. ते युसेबियस या चर्चच्याच इतिहासकाराने लिहून ठेवलंय. नायसियात पुस्तकं निवडल्याची गोष्ट परिषदेनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी रचलेल्या एका ग्रीक संकलनात येते आणि पुढे फ्रेंच लेखक व्होल्टेअरच्या लेखणीतून युरोपभर पोचते.

आता ‘तीनशे वर्षां’चं. बायबलकडे संशयाने पाहणारे बहुतेक प्राध्यापकसुद्धा मार्कचं शुभवर्तमान इ.स. ७० च्या आसपास, मत्तय आणि लूक त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत आणि योहान पहिल्या शतकाच्या अखेरीस ठेवतात. म्हणजे येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर साधारण ४० ते ७० वर्षं. प्रेषित पौलाची पत्रं तर त्याहून जुनी, पन्नासच्या दशकातली. गलतीकरांस लिहिताना तो सांगतो की यरुशलेमात आपण केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. येशूच्या भावाला भेटलेल्या माणसाचा मजकूर आपल्या हातात आहे.

मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे, जेमतेम ९ सेंटिमीटर उंच आणि ६ सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना सात-सात ओळींचे अवशेष, आणि त्यात योहानाच्या १८ व्या अध्यायातला रोमन सुभेदार पिलातासमोरचा प्रसंग. बरेच अभ्यासक तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला मानतात, काही जण त्या शतकाच्या अखेरीपर्यंत किंवा त्याही पुढे नेतात. उशिराची तारीख धरली तरी तो नायसियाच्या खूप आधीचाच ठरतो.

चाळीस वर्षं हासुद्धा मोठा काळ नाही का, असं कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे, आणि त्यासाठी मी ठाण्याचंच उदाहरण देते. इ.स. १३२१ मध्ये आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुजरातेतल्या घोघ्याहून पत्र लिहून ही बातमी कळवली. नंतर ओडोरिक नावाचा साधू ठाण्यात आला, त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन गेला, आणि १३३० मध्ये इटलीत परतल्यावर त्याने सगळी हकीकत सांगून लिहवून घेतली. ती पत्रापेक्षा लांब आहे आणि चमत्कारांनी भरलेली आहे. इतिहासकार दोन्ही शेजारी ठेवून वाचतात. दरबारी कागदांत उल्लेख असो वा नसो, ते चौघे झालेच नाहीत असं कोणी म्हणत नाही. आधी त्रोटक पत्र आणि मग सविस्तर वृत्तांत, हाच क्रम पौलाची पत्रं आणि शुभवर्तमानं यांचा आहे. अंतर इथे जास्त आहे हे मान्य, पण तीनशे वर्षं कुठे आणि हे कुठे!

सगळ्यात जास्त घाबरवतो तो चार लाखांचा आकडा. तो खोटा नाही. अभ्यासकांचा अंदाज खरंच त्या घरात आहे. पण ते पाठभेद आहेत, आणि पाठभेद म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ज्ञानेश्वरीनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, नाथमहाराजांनी प्रती जमवून तिचा पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. १९१९ ला सुरू झालेलं काम १९६६ ला पुरं झालं. जितक्या प्रती जास्त, तितके पाठभेद जास्त, आणि मूळ पाठ कोणता हे ठरवायला साधनंही तितकीच जास्त. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं ५,००० हून अधिक आहेत. एकच प्रत उरली असती तर एकही पाठभेद नसता, आणि तिच्यातली चूक आपल्याला कधी कळलीच नसती.

यातले बहुसंख्य भेद योहानाच्या नावात एक ‘न’ की दोन, अशा थाटाचे आहेत. थोडे मात्र गंभीर आहेत, आणि ते आपण तोंड उघडून सांगितले पाहिजेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं कोडेक्स सिनायटिकस हे चौथ्या शतकातलं हस्तलिखित आहे. त्याची पानं आता घरबसल्या मोबाइलवर पाहता येतात. मार्कच्या शेवटच्या पानावर १६ व्या अध्यायाचं ८ वं वचन संपतं, रिकाम्या कबरेपासून भिऊन पळालेल्या स्त्रियांपाशी. खाली स्तंभात मोकळी जागा, आणि पुढच्या स्तंभात लूक सुरू. आपल्याकडे वाचली जाणारी पुढची बारा वचनं तिथे नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातली गोष्ट सर्वांत जुन्या प्रतींत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातलं त्रैक्याबद्दलचं (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) वाक्य तर नंतर घुसलेलं आहे. इरॅस्मसने १५१६ च्या छापील ग्रीक आवृत्तीत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं. हे सगळं आपल्याला कळतं ते त्याच पाठभेदांमुळे. त्रैक्याची शिकवण त्या एका वाक्यावर उभी नाही, आणि पुनरुत्थान मार्कच्या त्या बारा वचनांवर नाही. पौलाने करिंथकरांस ते त्याच्या कितीतरी आधी लिहिलंय, आणि तेही ‘मला जे मिळालं ते मी तुम्हाला दिलं’ असं सांगून.

मेसेजमध्ये बायबलचा अभ्यास करता करता विश्वास सोडलेल्या ‘एका अमेरिकन प्राध्यापका’चा दाखला आहे. वर्णनावरून हे बार्ट एर्मन. त्यांनी विश्वास सोडला हे खरं. पण तो पाठभेदांमुळे सोडला नाही. जगातलं दुःख आणि चांगला देव यांचा मेळ बसेना म्हणून सोडला, असं ते स्वतः सांगतात. तो प्रश्न बायबलमधल्या दुःखी ईयोबाचा आहे, आणि मला तो चार लाख पाठभेदांपेक्षा कितीतरी जड वाटतो. याच एर्मननी २०१२ मध्ये, येशू झालाच नाही म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला आख्खं पुस्तक लिहिलं.

त्यामुळे ‘एकही पुरावा नाही’ यावर थोडक्यात. यहुदी इतिहासकार जोसेफस पहिल्या शतकाच्या शेवटी ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब’ याच्या मृत्यूची नोंद करतो. रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहितो की सम्राट तिबेरियसच्या काळात पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. जोसेफसमधला येशूबद्दलचा दुसरा, मोठा उतारा मात्र ख्रिस्ती नकलकारांनी वाढवलेला आहे. तो जसाच्या तसा पुरावा म्हणून आपण वापरू नये.

मग काश्मीर. आधी ‘झालाच नाही’ म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत श्रीनगरला त्याची कबर दाखवायची, या दोन्ही गोष्टी एकत्र टिकत नाहीत. येशू भारतात शिकल्याची कथा निकोलस नोटोविच या रशियन लेखकाने १८९४ मध्ये पॅरिसला छापली. लडाखमधल्या हेमिस मठात पाय मोडून पडलो असताना लामाने आपल्याला येशूच्या भारतातल्या वर्षांचं हस्तलिखित वाचून दाखवलं, असा त्याचा दावा. संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलरने त्याच वर्षी त्यावर संशय घेतला. आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस १८९५ मध्ये स्वतः हेमिसला गेले. असा कोणी जखमी युरोपियन आला नव्हता आणि असं पुस्तकही इथे नाही, असं मठाच्या प्रमुखाने त्यांना सांगितलं. नंतर काहींनी ते पाहिल्याचं लिहिलं, पण अभ्यासकांच्या हाती मूळ हस्तलिखित आजवर आलेलं नाही. श्रीनगरच्या रोझाबल दर्ग्याला येशूची कबर म्हणण्याची सुरुवातही १९ व्या शतकाच्या अखेरची. हे कोणत्याही विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ‘सिद्ध’ केलेलं नाही.

इथे आपल्या माणसांनाही एक सांगायचंय. यहोशवासाठी सूर्य थांबला तो हरवलेला दिवस नासाच्या कॉम्प्युटरला सापडला आणि यहोशवाचं पुस्तक खरं ठरलं, तांबड्या समुद्रात फारोच्या रथांची चाकं मिळाली, हे मेसेज आपल्याच ग्रुपवर ‘आमेन’सकट फिरतात. त्यांना काडीचाही आधार नाही. लूकमधल्या जनगणनेचं घ्या: लूक येशूच्या जन्माची गोष्ट हेरोद राजाच्या काळाशीही जोडतो आणि रोमन अधिकारी क्विरीनियसच्या जनगणनेशीही. पण जोसेफसप्रमाणे ती जनगणना इ.स. ६ मधली, आणि हेरोद वारला तो साधारण इ.स.पू. ४ मध्ये. ही तफावत खरी आहे आणि ती मिटवायचे बहुतेक उपाय ओढूनताणून आणलेले वाटतात. हे मुलांना आपणच सांगायचं. माझा विश्वास जनगणनेच्या तारखेवर टेकलेला नाही. शिष्यांनी आपण उठलेल्या प्रभूला पाहिलं असं मनापासून मानलं, इथपर्यंत इतिहास आणून सोडतो. त्यांनी खरंच पाहिलं, हे मी विश्वासाने म्हणते.

राहिलं ‘चर्च लपवतं’. पोप पायस बारावे यांनी १९४३ मध्येच बायबलचा अभ्यास मूळ भाषांतून आणि त्या काळच्या लेखनप्रकारांचं भान ठेवून करा, असं परिपत्रक काढलं. आणि पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला आख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये जाण्याआधी ते काम हातावेगळं केलं. वेगवेगळ्या पाठांसमोर आणि अवघड जागांसमोर वर्षानुवर्षं बसलेली ती बाई होती.

त्या मुलीला मी हे सगळं लिहून पाठवलं. तिने मेसेज पाठवणाऱ्या काकांनाही ते पुढे पाठवलं आणि त्यांनी दोन नवे प्रश्न विचारलेत: एक मत्तय आणि लूक यांच्यातल्या वेगवेगळ्या वंशावळींबद्दल, दुसरा शुभवर्तमानांवरची नावं नंतर घातली का, याबद्दल. दोन्ही प्रश्न चांगले आहेत. येत्या रविवारी उपासनेनंतर तरुण संघात तेच घेणार आहोत, काकांनाही बोलावलंय.