डॉक्टरांवर नाराज आहात? मग हे करा

पहिली गोष्ट, डॉक्टरांना काहीही विचारू नका. दीड तास बाकावर बसून दीड मिनिट आत मिळतं, त्यात ‘नेमकं झालंय काय?’ हा प्रश्न शोभतो का? शंका कंपाउंडरला विचाराव्यात. उरल्यासुरल्या मेडिकलवाल्याला.

ॲडमिट व्हायची वेळ आली तर दरही विचारू नका. खासगी नर्सिंग होमने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा महाराष्ट्रात २०२१ पासून नियम आहे. आणि तो पाळलाही जातो! पाण्याच्या कूलरमागे, मनीप्लँटच्या आड. कूलर सरकवायला जाल तर काउंटरवरची मुलगी विचारेल, ‘काका, काही पडलं का?’

खरी कसोटी डिस्चार्जच्या दिवशी. तीन दिवसांच्या बिलात ‘हातमोजे, ४२ जोड’ दिसतील. अष्टभुजा देवीचंसुद्धा चार जोडांत भागलं असतं, पण हा विचार मनातच ठेवा. सोबत आलेले मेहुणे कानात सांगतीलच, ‘जाऊ दे, उद्या परत यांच्याच दारात यायचंय.’ मेहुण्यांचं ऐका. बिल त्यांना भरायचं नाहीये, म्हणून त्यांचं डोकं शांत आहे.

केसपेपरची प्रत तर मागूच नका. मागितली की ७२ तासांत द्यावी लागते, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून लिहिलंय. तुम्ही मागितलीत तर बिचाऱ्यांना ते आठवेल.

काच वगैरे फोडायचा विचार असेल तर थांबा. २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. हॉस्पिटलातलं हे एकच बिल असं, ज्याचा दर आधीपासून ठाऊक असतो.

राहिला ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलंय. पाच लाखांपर्यंत मोजले असतील तर तक्रारीला शुल्कही नाही. पण जे फुकट मिळतं त्यात काय राम असणार? मुदत दोन वर्षांची असते. ‘गणपती होऊ देत’, ‘दिवाळी होऊ दे’, ‘पोराची दहावी आहे’ एवढ्यात ती आरामात सरते.

तोवर तक्रार करायची ती योग्य जागी : फॅमिली ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, रिक्षावाल्याजवळ. रिक्षावाल्याच्या साडूचं याहून भयंकर झालेलं असतं, त्यामुळे मन हलकं होतं.

मग पावसाळ्यात ताप येईल. तुम्ही त्याच बाकावर बसाल, नंबर येईल, डॉक्टर मान वर न करता विचारतील, ‘मागची फाइल आणलीत?’